पुलापर्यंतची वॉरंटी

न्या देओलिंदाने सगळं आयुष्य नदी ओलांडण्यात घालवलं. आमच्या पॅराग्वेतल्या एन्कार्नासिओनमध्ये वडीलधाऱ्या बाईला मानाने न्या म्हणतात आणि अशा नदी ओलांडणाऱ्या बायकांना पासेरा. पहाटे टोपल्या घेऊन लाँचीत बसायचं, पलीकडे अर्जेंटिनाच्या पोसादास गावात माल विकायचा, तिथे जे स्वस्त असेल ते इकडे आणायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. तरुणपणी तिने कोंबड्या नेल्या, मांडिओकाचे कंद नेले, पुढे पूल झाल्यावर बसने चपला आणि चादरी नेल्या. कस्टमच्या माणसांशी ती हसायची, भांडायची, एकाच्या गणवेशावर तर तिने अंड्यांची टोपली उपडी केली होती असं सांगतात. ती स्वतः म्हणायची, "उपडी नाही केली. हात निसटला." गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच ती थांबली.

नवरा लवकर गेला. विल्फ्रिदो हा एकुलता एक मुलगा. धरणामुळे नदी वर चढली तेव्हा खालच्या वस्तीतून आम्हा सगळ्यांना वरच्या नव्या वसाहतीत आणून बसवलं. एकाला एक चिकटलेली घरं. तिचं स्वयंपाकघर आणि माझं, मध्ये एकच भिंत. तिच्याकडे काय शिजतंय ते मला नाकाने कळतं आणि काय बोललं जातंय ते कानाने. मी मुद्दाम ऐकत नाही, पण भिंत पातळ आहे त्याला मी काय करू?

या घरात विल्फ्रिदोने मिर्नाला लग्न करून आणलं. कोरोनेल बोगादो गावची मुलगी, बारीक अंगाची, बोलायला कमी आणि हाताला चपळ. पहिलं वर्षभर सासूला तिचं काहीच पटलं नाही. "ही मांडिओका सोलते की पेन्सिलीला टोक करते?" असं मला भिंतीपलीकडून मोठ्याने विचारायची, म्हणजे सुनेलाही ऐकू जाईल. मग विल्फ्रिदो बांधकामाच्या कामाला ब्युनोस आयर्सला गेला. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन, मग फोनही सणासुदीला. शेवटी गावातल्या कोणीतरी सांगितलं की तिथे त्याचं दुसरं घर आहे आणि त्या घरात पाळणाही हललाय.

त्या दिवशी मिर्नाने बॅग भरली आणि पलंगावर बसून राहिली. न्या देओलिंदा दारात आली आणि म्हणाली, "भात उरलाय. जेवून घे, मग जायचं तर जा."

मिर्ना जेवली. तिने भांडी घासली. मग बॅग रिकामी केली. त्या विषयावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

अशी नऊ वर्षं गेली. मिर्नाने पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन घेतलं. शाळांच्या शर्टांवर बिल्ले, फुटबॉल क्लबांची चिन्हं, लग्नाच्या टॉवेलांवर नावं, असं काम. सासू सुटे धागे कातरायची, गिऱ्हाइकांना बसवून येर्बाच्या पानांचा गार पाण्यातला तेरेरे पाजायची आणि उधारी ठेवणाऱ्याला चारचौघांत नाव घेऊन आठवण करायची. "माझी सून" असंच सगळ्यांना सांगायची. एकदा एका बाईने खोचकपणे विचारलं, "म्हणजे कुठल्या मुलाची?" त्या बाईचे शर्ट त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मिळाले.

गेल्याच्या गेल्या वर्षी, जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात, ऐन शाळांच्या हंगामात, मिर्नाचा जुना लॅपटॉप मेला. तो विल्फ्रिदो मागे टाकून गेला होता. त्याच्यावर मिर्ना नक्षी काढायची आणि तिथून ती मशीनमध्ये जायची. लॅपटॉप बंद म्हणजे मशीन बंद. दोघी बाजारात निघाल्या. मला पंखा घ्यायचा होता म्हणून मीही गेले.

दुकानात गर्दी होती, निम्मी पोसादासची. मिर्नाने लॅपटॉप पसंत केला, न्या देओलिंदाने किंमत पाडून घेतली. किंमत ठरल्यावर विक्रेता म्हणाला, "मावशी, कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहेच. तिच्यावर आमची वाढीव वॉरंटी घेता येते. एक, दोन किंवा तीन वर्षांची. थोडे पैसे जास्त."

न्या देओलिंदाने कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे हा मोडणार, हे तू मला विकायच्या आधीच सांगतोयस?"

"तसं नाही मावशी."

"मग कसं? मी आयुष्यभर कोंबड्या विकल्या. कधी म्हटलं नाही, वरती अजून दोन पैसे ठेवा, ही मेली तर दुसरी देईन."

आजूबाजूचे हसले. विक्रेताही हसला. तो चिवट होता. म्हणाला, "कोंबडीला विजेचा झटका बसत नाही ना."

हे मात्र तिला पटलं. आमच्या वसाहतीत उन्हाळ्यात वीज कशी येते-जाते ते सगळ्यांना माहीत आहे. माझा फ्रिज त्यातच गेला. तिने विचारलं, "झटक्याने गेला तर भरून देणार?"

"देणार."

"आत धागे, धूळ गेली तर?"

"साफ करून देणार. फुकट."

"तीन वर्षांची घे गं पोरी," ती लगेच मिर्नाला म्हणाली. "त्या मेल्याने भर हंगामात कसा गळा कापला, बघितलंस ना?" मेला म्हणजे लॅपटॉप की मुलगा, ते तिने स्पष्ट केलं नाही.

मिर्ना पर्समधून पैसे काढत होती. वर न बघता तिने विचारलं, "आणि पलीकडे बिघडला तर?"

"पलीकडे म्हणजे?"

"पोसादासला. म्हणजे तिकडे वापरात असताना."

विक्रेत्याने मान हलवली. "नाही बाई. वापर इथला हवा, पत्ता इथला हवा. पूल ओलांडला की आमची वॉरंटी संपली."

मिर्नाने जास्तीच्या नोटा पर्समध्ये परत ठेवल्या. मग म्हणाली, "मग नको."

"मग नको म्हणजे?" न्या देओलिंदाने विचारलं.

"उगाच कशाला आई. नवा तर आहे."

"झटक्याचं काय?"

"आपण वायर काढून ठेवू."

विक्रेता म्हणाला, घाई नाही, पंधरवड्यात कधीही बिल घेऊन या, तोवर वाढीव वॉरंटी घेता येईल. मिर्नाने पैसे दिले. बसमध्ये न्या देओलिंदा खोकं मांडीवर घेऊन बसली आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती बसमध्ये गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुपारी ती माझ्याकडे आली. मी तेरेरेचं भांडं पुढे केलं. तिने घेतलं आणि नळी तोंडाला लावलीच नाही.

"निमिया, तिने पुलाचं का विचारलं?"

"तिची गिऱ्हाइकं असतात ना तिकडे. दर गुरुवारी क्लबाचे शर्ट घेऊन जाते की."

"शर्ट जातात. लॅपटॉप कशाला जाईल?"

तिने भांडं खाली ठेवलं. ती म्हणाली, "मी पस्तीस वर्षं त्या नदीवर काढली. माणूस परत येणार आहे की नाही, ते तो जाताना काय काय सोबत घेतो त्यावरून कळतं. आणि ही आधीच विचारतेय की तिकडे चालेल का."

"अहो, साधा प्रश्न होता."

"ती साधे प्रश्न विचारत नाही. तिने नऊ वर्षांत मला एकच प्रश्न विचारलाय, मीठ पुरे का."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भिंतीपलीकडून टोमणे यायला लागले. सूप पुढे आलं की, "मीठ कमी आहे. पलीकडे जास्त घालतात वाटतं." मिर्नाने नव्या सँडल घातल्या की, "पुलावर चालायला बऱ्या आहेत." मिर्ना फोनवर बोलायला मागच्या अंगणात गेली की हिला नेमके कपडे वाळत घालायचे असायचे, आणि ते मुळात धुतलेले नसायचे. रोज सकाळी एकच घोषा. "चल, ती वॉरंटी घेऊन टाकू. पैसे मी देते. मुदत निघून जाईल." मिर्ना रोज म्हणायची, "नको म्हटलं ना आई." सासूला वॉरंटी नकोच होती. सुनेच्या तोंडून तीन वर्षांचा आकडा हवा होता. आणि मिर्नाला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून ती नको म्हणत होती.

पंधरवडा संपत आला त्या दुपारी मशीन मध्येच थांबलं. असं ते कधी थांबत नाही, निदान एक बिल्ला पुरा करून थांबतं.

"तू जाणार आहेस का?" न्या देओलिंदाचा आवाज आला.

खुर्ची सरकली. मग मिर्ना म्हणाली, "मला माहीत नाही."

"कोण आहे?"

"सेफेरिनो नाव आहे. क्लबाचं सामान तोच घेतो माझ्याकडून. बायको वारलीये त्याची."

"कधीपासून?"

"तसं काही नव्हतं आई. तो विचारत होता, मी हसण्यावारी नेत होते. त्या दिवशी दुकानात तोंडातून पुलाचं निघालं, तेव्हा माझं मलाच कळलं की मी विचार करतेय."

"हसण्यावारी!" न्या देओलिंदाचा आवाज चढला. "माझ्या मुलाने मला टाकलं, आता तू टाक. रांग लावा. निमियालाही बोलव."

"मी कुठे टाकलंय? मी इथे आहे."

"बॅग भरून इथे आहेस."

"नऊ वर्षं आहे!" मिर्नाचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तो तुमचा मुलगा होता. तो गेला तेव्हा तुम्ही मला एकदा तरी म्हणालात का, की त्याने वाईट केलं? एकदा तरी? माझ्यापुढे तुम्ही त्याचं नावसुद्धा घेतलं नाहीत, म्हणजे तुम्हाला त्याला शिवी द्यावी लागू नये. भात उरलाय म्हणालात. नऊ वर्षं मी तो उरलेला भात खातेय."

दार आपटलं. मिर्ना रस्त्याने झपझप गेलेली मी खिडकीतून पाहिली. मी त्यांच्या घरी जावं की नाही, ठरवता येईना. शेवटी गेले. न्या देओलिंदा मशीनपाशी बसली होती, अर्ध्या बिल्ल्याचा शर्ट हातात. मला म्हणाली, "हा धागा कुठून कापायचा असतो?" तिला ते चांगलं माहीत होतं. मी कापून दिला.

मिर्ना संध्याकाळच्या आत परतली. मी तिथेच होते. तिने पर्समधून एक पावती काढून टेबलावर ठेवली.

"वॉरंटी घेतली," ती म्हणाली. "एक वर्षाची. एक वर्ष मी इथे आहे आई. त्याच्या पुढचं मला विचारू नका."

न्या देओलिंदाने पावतीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली. आणि उठून, त्या भट्टीसारख्या उकाड्यात, मिर्नाला आवडतं म्हणून मक्याच्या गोळ्यांचं कोंबडीचं सार करायला लागली. तिघींनी घाम पुसत पुसत ते खाल्लं.

ते वर्ष बरं गेलं म्हणायला हवं. टोमणे थांबले. गुरुवारी मिर्ना पलीकडे जायची, कधी शेवटच्या बसने यायची, सासू काही विचारायची नाही, ताट झाकून ठेवायची. हिवाळ्यात मिर्नाने तिला लोकरीची शाल भरून दिली. मला वाटायचं, म्हातारीने मनाची तयारी केली असावी. ती कधीकधी चक्क गुणगुणायची. मरणाच्या दारातल्या माणसाला डॉक्टरने काही चांगलं सांगावं तशी ती वावरत होती, आणि मला त्याचं कारण कळत नव्हतं.

पुन्हा जानेवारी आला. शर्टांचा ढीग संपत आला तशी मिर्नाने हळूहळू आवराआवर सुरू केली. दोऱ्यांचे कोन खोक्यात भरले. मशीनचं माप घेतलं. एका सकाळी तिने मला अंगणातून हाक मारली, म्हणाली, "निमियाताई, तुम्ही आईंकडे लक्ष द्याल ना?" मी हो म्हणणार तेवढ्यात न्या देओलिंदा दारात आली. तिच्या हातात ती पावती होती.

"काय आवरतेयस?"

"आई, वर्ष झालं."

"वर्ष झालं ते कंपनीचं," न्या देओलिंदा म्हणाली. "दुकानाची वाढीव वॉरंटी कंपनीची संपल्यावर सुरू होते. तू घेतलेलं वर्ष आजपासून आहे. विचार जाऊन."

मी पावती हातात घेऊन वाचली. तसंच होतं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि ती पहिली तारीख त्याच आठवड्यातली.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मिर्नाने विचारलं.

"तू घेऊन आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुकानात जाऊन विचारून आले."

"आणि वर्षभर बोलला नाहीत?"

"पुढचं विचारू नका म्हणाली होतीस. मी विचारलं नाही."

मला वाटलं आता भांडण होणार. मिर्ना एकदा हसली, ते हसू बरं नव्हतं. मग ती आत गेली. थोड्या वेळाने खोक्यातले दोऱ्यांचे कोन पुन्हा फळीवर मांडल्याचे आवाज आले, एकेक, सावकाश. मग मशीन सुरू झालं.

ती का थांबली? तोंडी बोललेलं एक वर्ष तिने पुरं केलं होतं, कागदाचं बंधन तिच्यावर नव्हतं. मी तिला नंतर विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "आई त्या तारखा धरून बसल्या होत्या वर्षभर, ताई. तुम्ही त्यांचं तोंड पाहिलंत ना? मी तिथून पाय कसा काढणार होते?"

पण ते दुसरं वर्ष म्हणजे शिक्षा होती. न्या देओलिंदाला जे हवं होतं ते मिळालं, आणि घरातली हवाच गेली. मिर्ना तक्रार करत नव्हती. तीच मोठी अडचण होती. मीठ पुरे का हेही विचारेनाशी झाली. गुरुवारी जायची आणि आली की डोळे सुजलेले असायचे. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले. सासू तिच्या आवडीचं करकरून घालायची, ती दोन घास खायची आणि "छान झालंय" म्हणायची, पाहुणी म्हणते तसं. पुढच्या खोलीतला नवा लॅपटॉप तेवढा ठणठणीत होता. वीज दहा वेळा आली-गेली, त्याला काही झालं नाही.

मे महिन्यात न्या देओलिंदाचं ब्लडप्रेशर वाढलं. मिर्नाने तिला दवाखान्यात नेलं, गोळ्या वेळेवर दिल्या, दोन गुरुवार गेली नाही. तिसऱ्या गुरुवारी मी गोळ्या घेऊन गेले तेव्हा न्या देओलिंदा पलंगावर डोळे मिटून पडली होती, आणि मागच्या अंगणातून मिर्नाचा फोनवरचा आवाज येत होता.

"नाही, अजून नाही... मला माहीत आहे... तू किती थांबणार, तेही मला माहीत आहे. नको थांबूस. मी तुला काही म्हणणार नाही... एकटी आहे ती, सेफेरिनो. तिला कोण आहे?"

मी पलंगाकडे पाहिलं. न्या देओलिंदाचे डोळे मिटलेलेच होते, पण हात पांघरुणाची कड घट्ट धरून होता.

त्या रविवारी तिने मला बोलावलं आणि विल्फ्रिदोचा नंबर लावून द्यायला सांगितला. मी उठून जायला लागले तर म्हणाली, "बैस. भिंतीपलीकडून ऐकायचंच आहे, तर समोर ऐक."

विल्फ्रिदोला वाटलं, आई गेल्याचा फोन असेल. आवाजच तसा होता त्याचा. तिने ख्यालीखुशाली विचारली नाही. "मिर्नाला मोकळी कर," ती म्हणाली. "घटस्फोटाच्या कागदांवर काय सही लागते ती करून पाठव."

"आत्ताच काय घाई आहे आई?"

"घाई? दहा वर्षं झाली."

"पण... ती गेली तर तुझ्याजवळ कोण राहील?"

न्या देओलिंदाने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा कानाला लावला. "हे तू विचारतोयस?" ती म्हणाली. "तू वाईट केलंस, विल्फ्रिदो. तिचं वाईट केलंस आणि माझंही. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सही पाठव."

फोन ठेवल्यावर वळून पाहिलं तर दारात मिर्ना उभी होती, हातात गोळी आणि पाण्याचा पेला. किती ऐकलं माहीत नाही. सासूने गोळी गिळली.

"जा तू," न्या देओलिंदा म्हणाली.

"आई, अजून मुदत..."

"घाल ती मुदत चुलीत. कस्टमवाले माझा माल अडकवून ठेवायचे. दिवसभर टोपल्या उन्हात. संध्याकाळी सोडायचे तेव्हा कोंबड्या अर्ध्या मेलेल्या. मी त्यांना सात पिढ्यांच्या शिव्या द्यायचे. आता तुझ्याकडे बघते तर..." तिने रिकामा पेला खाली ठेवला. "मला तू घरात हवीस. अशी नको."

मिर्ना खाली बसली आणि तिने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोघी रडल्या, मीही रडले. मग न्या देओलिंदा म्हणाली, "उठ, गुडघा दुखतो," आणि मिर्ना उठली.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "त्याच्या घरात जागा आहे. मी त्याला कधीच विचारलंय."

"परक्याच्या घरात? मी पलीकडे एक रात्रसुद्धा काढलेली नाही. आता म्हातारपणी काढायला लावतेस?"

मिर्नाने पुष्कळ आग्रह केला. उपयोग झाला नाही.

जुलैत मिर्ना गेली. आदल्या रविवारी सेफेरिनो येऊन गेला. उंच, टक्कल पडलेला, हातांचं काय करावं ते न कळणारा माणूस. तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्याने येर्बाचा पुडा आणला होता, तो कोणाच्या हातात द्यावा ते त्याला उमजेना. न्या देओलिंदाने त्याला त्याचं घर, पगार, पहिली बायको, काहीच विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तुमच्याकडे वीज जाते का?"

"क्वचित जाते, न्या."

"मशीनसमोर बसली की तिला जेवणाची शुद्ध राहत नाही. हाक मारावी लागते. दोनदा. पहिल्या हाकेला ती हो म्हणते आणि येत नाही."

"मारीन," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी न्या देओलिंदाचं ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं, की तिने तसं सांगितलं, कोण जाणे. ती बाहेर आली नाही. मिर्ना आत जाऊन आली आणि तोंड फिरवून गाडीत बसली. सामान मी आणि सेफेरिनोने चढवलं.

नंतरचे दोन महिने मला न्या देओलिंदाची काळजी वाटायची. जेवायची नाही. मी सूप न्यायचे, ती म्हणायची, "तिकडे ठेव," आणि दुसऱ्या दिवशी ते तिथेच असायचं. माझ्याशीही भांडली. म्हणाली, मिर्नाला सामान चढवायला मी मदत केली, मला फार घाई होती. मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी भिंतीवर पळी वाजली, ठक ठक, आणि आवाज आला, "निमिया, मेलीस की काय?"

विल्फ्रिदोची सही आली. तो स्वतः आला नाही. मिर्ना आधी दर रविवारी यायची, मग पुलावर रांग फार असते म्हणून एक सोडून एक, आता महिन्यातून एकदा येते. आली की भरपूर बोलते, पूर्वी एवढी कधी बोलत नव्हती. अंगावर थोडी भरलीये. न्या देओलिंदा तिला बघून खुलते आणि ती गेली की आडवी पडते. याला काही इलाज आहे असं मला वाटत नाही.

पुढची खोली बरेच महिने रिकामी होती. दोघातिघांनी भाड्याने मागितली, हिने प्रत्येकाला काहीतरी खोड काढून परत पाठवलं. मिर्नाच तिच्या मागे लागली तेव्हा गेल्या महिन्यात एका बाईला दिली. ती बायकांच्या नखांना रंग लावते. तिचं नाव ग्रासिएला, अंगाने दांडगी, रेडिओ मोठ्याने लावणारी. रोज सकाळी रेडिओवरून दोघींची जुंपते, मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. परवा मी विचारलं, कशी आहे हो तुमची भाडेकरीण?

"डोकं उठवते," न्या देओलिंदा म्हणाली. मग म्हणाली, "पण जेवते चांगली."